समोरच्या फुटपाथवरून

माझ्या सवतीला मिशा आहेत. चांगल्या झुपकेदार आहेत. चहा पिताना त्या कपात बुडतात आणि मग तो त्या माझ्याच टॉवेलला पुसतो. सगळे त्याला मिशाळ म्हणतात. मी तोंडावर भाऊजी म्हणते. मनात काय म्हणते ते सांगितलंच.

लग्न झालं तेव्हा नवऱ्यानं सांगितलं होतं की मी दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि बरोबर एक मित्र असतो. मला वाटलं, असेल एखादा रंगाचे डबे धुवायला. पुढे पाहिलं तर माझा नवरा शिडीवर चढून अक्षरं काढतोय आणि हे महाशय रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर हाताची घडी घालून उभे. दिवसभर. मी विचारलं, "भाऊजी काम कधी करतात?" नवरा इतका हसला की शिडी हलली.

मग त्यानं मला समजावलं. पाटीला नाक लावून काम करणाऱ्याला पाटी दिसत नाही, समोरच्या अक्षराचा एक कोपरा तेवढा दिसतो. कुठली ओळ झुकलीय, कुठे रंग जास्त झालाय, हे लांबूनच कळतं. आणि मुख्य म्हणजे पाटी पुरी कधी झाली हे रंगवणाऱ्याला कधीच कळत नाही. त्याला वाटतच राहतं की अजून जरा काहीतरी करावं, आणि तिथंच चांगली पाटी बिघडते. म्हणून तो वरून ओरडून विचारायचा, "अजून एक हात?" मिशाळ पलीकडून ओरडायचा, "नको. झालंय. उतर." की लगेच हा ब्रश पुसून खाली. वाद नाही, "नीट बघ रे" नाही, काही नाही. मी जेवायला बोलावलं तर तीन-तीन हाका माराव्या लागायच्या. माझं एका हाकेत त्यानं कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

जळायचे मी. सरळ सांगते. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे नवऱ्यात वाटेकरी म्हणून दुसरं कोणी नव्हतंच, हा एकटा होता. तो रोज संध्याकाळी यायचा, रोज माझ्याच खुर्चीत बसायचा आणि दोघं मिळून शहरातल्या जुन्या पाट्यांच्या गोष्टी काढायचे. अमक्या औषधाच्या दुकानाचा निळा रंग, तमक्या दातांच्या डॉक्टरची ती लांबलचक पाटी. मी तिथं बसले तर मला समजावं म्हणून हळू बोलायचे. त्याचाच मला जास्त राग यायचा. परक्या माणसाशी बोलतात तसं माझ्याशी बोलायचे, माझ्याच घरात.

मी स्वतः रफू करते. धुलाईच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल माझं आहे. सिगारेटनं भोक पडलेला कोट, खिळ्यात अडकून फाटलेली बाही, कसर लागलेली शाल, काय वाटेल ते आणा. मी त्याच कापडातला धागा काढून असं विणते की भोक कुठं होतं ते मालकाला सापडत नाही. मी कुठलंही कापड परत पाठवलेलं नाही. घरातही माझं तेच. आमचा फ्रीज लग्नानंतर घेतलेला आहे आणि अजून तोच आहे. त्याचं दार मी दोरीनं बांधते आणि तो घरघरायला लागला की कुशीवर थाप मारते.

तर मागच्या वर्षी नवऱ्याच्या मेंदूतल्या एका बारीक नळीत रक्ताची गाठ अडकली. थोडक्यात निभावलं. उजवा हात कमजोर झाला, जीभ जरा जड झाली, बाकी माणूस धड होता. पण डॉक्टर म्हणाले, पुन्हा होऊ शकतं, आणि पुढचं मोठं असू शकतं. घरी सोडायच्या आधी त्यांनी आमच्याकडे एका बाईंना पाठवलं. रुग्णांशी असल्याच गोष्टी बोलायचं त्यांचं काम. आवाज मऊ, चपला त्याहून मऊ.

"आत्ता तुम्ही छान बोलताय," बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तेव्हाच हे ठरवून ठेवलेलं बरं. उद्या बोलता आलं नाही, काही कळेनासं झालं, तर कुठले उपचार हवेत आणि कुठले नकोत? आणि तुमच्या वतीनं आमच्याशी कोणी बोलायचं?"

मला वाटलं नवरा चिडेल. तो तर गिऱ्हाइकाला रंगाचे भाव सांगावेत तसा सांगत सुटला. श्वासाचं यंत्र लावायचं तर लावा, थोडे दिवस बघा. उठायची आशा असेल तर ठीक. नुसताच पडून राहणार असेन, माणसं ओळखू येणार नसतील, तर काढून टाका. नळीनं भरवत बसू नका. दुखू मात्र देऊ नका.

मी त्याच्या शर्टाची बटणं लावत होते, कारण त्याच्या बोटांना ती जमत नव्हती. बाईंनी पेन टेकवलं आणि म्हणाल्या, "आणि तुमच्या वतीनं बोलणार या. पत्नी ना?"

"नाही," नवरा म्हणाला. "हिचं नको. बाहेर माझा मित्र बसलाय, त्याचं घाला."

हिचं नको. बाई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या आणि मी बटणाकडे बघत होते. ते बटण चुकीच्या काजात गेलं होतं. ते मी तसंच ठेवलं. घरी येईपर्यंत तो माणूस तिरका शर्ट घालून फिरला आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर दार लागलं आणि माझं तोंड उघडलं. "तुझं औषधपाणी मी करायचं, तुला आंघोळ मी घालायची, आणि तुझ्या जिवाचा निर्णय त्या मिशांनी घ्यायचा? मी कोण आहे या घरात? मोलकरीण?"

"आवाज कमी कर, डोकं दुखतंय."

"दुखू दे. त्याला बोलव दाबायला."

तो खुर्चीत बसला. जड जिभेनं, शब्द निवडून बोलायला लागला. "हे बघ. तो फ्रीज बघ."

"फ्रीजचं काय मध्येच?"

"दोनदा कारागीर म्हणाला, बाई, याला आता सोडा. तू सोडलंस का? तू त्याला दोरी बांधलीस. माझं पण तेच करशील. मला दोरीनं बांधशील आणि थापा मारत बसशील."

"चालतोय की तो फ्रीज," मी म्हटलं.

"पाणी गळतंय त्याचं. रोज तू पुसतेस."

मी आत जाऊन भांडी आपटली. त्यानं काही फरक पडला नाही, पण मला जरा बरं वाटलं. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही. सकाळी उठल्यावर ठरवलं की नवरा ऐकत नसेल तर सवतीला गाठायचं.

आता पाट्या सगळ्या छापून येतात. हातानं रंगवून घ्यायला कोणाला वेळ नाही. मिशाळला मोठ्या बाजारामागच्या वाहनतळावर काम मिळालं होतं, गाड्या उभ्या करायच्या जागांवर पांढरे पट्टे ओढायचं. मी गेले तेव्हा तो एकटाच होता. एक पट्टा ओढायचा, उठायचा, गुडघे धरून पार पलीकडच्या टोकाला जायचा, तिथून बघायचा आणि परत यायचा. त्याला पलीकडून सांगायला कोणी नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही नाही म्हणा," मी म्हटलं. कसे आहात वगैरे काही विचारलं नाही.

त्याला विषय सांगावा लागला नाही. "म्हटलं नसेल असं वाटतं तुम्हाला? पाया पडायचंच बाकी होतं वहिनी. म्हटलं, बायकोला दे हे, माझं काय काम त्यात. तर म्हणाला, तू नसशील तर कोणीच नको. वाऱ्यावर सोडेन मी स्वतःला."

"मग घ्या. मिरवा. जिंकलात तुम्ही."

त्यानं ब्रश डब्यावर ठेवला. इतक्या वर्षांत तो माझ्यासमोर आवाज चढवून बोललेला मला माहीत नव्हता. "जिंकलो? काय जिंकलो मी? तुमच्या वाट्याला रोजचा चहा आला, रोजचं भांडण आलं. तो आजारी पडला की उशाशी तुम्ही. मी संध्याकाळी तुमच्या घरून निघतो ना, ते जिना उतरताना तुमच्या दोघांच्या बोलण्याचा आवाज येतो, तेवढ्यासाठी मी सावकाश उतरतो. घरी जाऊन मला भिंतीशी बोलायचं असतं. आणि आता शेवटी वाटणी झाली तर काय? माणूस तुम्हाला दिला आणि त्याचं मरण मला. आणि वर तुम्हीच माझ्यावर जळता."

खरं सांगायचं तर आधी मला बरंच वाटलं. माझ्यावर कोणीतरी जळत होतं, आणि तेसुद्धा इतकी वर्षं, आणि मला पत्ता नाही. मग त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. रंगानं पांढरे झालेले हात मिशांना लागले होते आणि तो मिशा पुसत नव्हता.

तरी मी हट्ट सोडला नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "मला शिकव."

"काय?"

"समोर उभं राहून बघायला. मिशाळ काय आईच्या पोटातून शिकून आला होता? मला जमलं तर माझं नाव घालायचं. नाही जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

त्याला गंमत वाटली असावी. कोपऱ्यावरच्या बूट-चपलांच्या दुकानाची पाटी त्याचीच होती, तरुणपणीची, आता फिकी झालेली. दुकानदार जुना ओळखीचा, तो म्हणाला, हवी तेवढी रंगवा. पाटी फार उंचावर नव्हती. मिशाळ शिडी धरून उभा राहिला, नवरा दोनच पायऱ्या चढला, उजव्या हाताला डाव्याचा आधार दिला आणि लाल अक्षरांमागची काळी सावली भरायला लागला. मी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. मिशाळच्या जागेवर. हाताची घडीसुद्धा घातली.

पहिल्यांदा बरं चाललं होतं. हात थरथरायचा, पण ब्रश पाटीला टेकला की स्थिर व्हायचा. त्याची मान जराशी वाकडी व्हायची काम करताना, तशीच झाली होती. सदरा मागून वर गेला होता, कमरेला वारा लागत असणार. मग मला दिसलं की त्याचा डावा पाय पायरीवर थरथरतोय. अंगठा दाबून धरत होता तो. एक गाडी मध्ये आली, गेली, आणि पाय अजून तसाच.

"अजून एक हात?" त्यानं वरून विचारलं. तोच प्रश्न, तोच सूर. मला तो कधीच विचारला गेला नव्हता.

"नको," मी ओरडले. "झालंय. उतर, उतर."

तो उतरला. सावकाश रस्ता ओलांडून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि पाटीकडे बघितलं. मीही तेव्हा बघितलं. शेवटचं अक्षर सावलीशिवाय नुसतं लाल उघडं राहिलं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"हे झालंय?" त्यानं विचारलं.

"तुझा पाय थरथरत होता."

"पाटी बघितलीस का?"

पाटी मी एकदाही बघितली नव्हती.

तो रागावला नाही. रागावला असता तर मला भांडता आलं असतं. "तू मला बघतेस," तो म्हणाला. "तिथं खाटेवर पण तेच होईल. माझा पाय हलेल. उगीचच हलतो तो, त्या बाईंनी सांगितलंय मला. तू म्हणशील, हलला, बघा, हलला. आणि धरून बसशील. वाईट नाही ते. मला आवडतं ते. पण ते काम वेगळं आहे. त्याला माझा पाय दिसणार नाही."

मिशाळ शिडीची घडी घालत होता आणि आमच्याकडे पाठ करून होता. शेवटचं अक्षर नवऱ्यानं तसंच ठेवलं, हात दमला म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिळून त्या बाईंकडे गेलो. मिशाळनं सही केली, मी साक्षीदार म्हणून सही केली. बाहेर येऊन मिशाळला चहा पाजला आणि त्यानं मिशा माझ्या रुमालाला पुसल्या. मी काही बोलले नाही, पण माझी जळजळ गेली होती असं कोणी समजू नका.

थंडी सुरू झाली तेव्हा ते झालं. सकाळी बूट घालायला वाकला होता. मी म्हटलं, थांब, मी बांधते, आणि स्वयंपाकघरातून येईपर्यंत तो एका बाजूला कलंडला होता.

यंत्र लावलं. तो म्हणाला होता तसे थोडे दिवस वाट बघितली. मी खाटेच्या एका बाजूला, मिशाळ दुसऱ्या बाजूला. मी पाय चेपायचे, नखं कापायचे, ओठांना ओला कापूस लावायचे. मिशाळ नुसता बसायचा, त्याला काय करावं ते कळायचं नाही. मला त्याची दया यायची आणि आनंदही व्हायचा. हे काम माझं होतं आणि त्यात तो अगदीच अडाणी होता.

मग एका दुपारी डॉक्टर आले. त्यांनी पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या होत्या. परत येण्याचं एकही लक्षण नाही म्हणाले. काय करायचं ते यांनी आधीच सांगून ठेवलंय, पण यांच्या वतीनं तुम्ही बोलायचं आहे. आणि ते मिशाळकडे बघायला लागले.

मिशाळ उठला. खाटेला खेटून उभा राहिला, वाकून नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, नळ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, मला इथून काही दिसत नाही हो."

आणि तेव्हाच पाय हलला. चादरीखाली, डावा. मी बघितला. माझ्या तोंडून गेलंच, "हलला." डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ते आपोआप होतं." ते मला माहीत होतं, नवऱ्यानंच सांगून ठेवलं होतं. तरी माझा हात गेला आणि मी तो पाय धरला. गरम होता.

मिशाळ माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं असतं ना, राहू द्या अजून थोडे दिवस, तर त्यानं मान डोलावली असती. सुटलो म्हणून आनंदानं डोलावली असती. जो शब्द मला हवा होता, ज्याच्यासाठी मी इतकी जळले, तो समोर पडला होता. उचलायला कोणाची ना नव्हती. दोरी बांधायची, थापा मारायच्या, रोज पुसायचं. मला जमलं असतं ते. कितीही दिवस जमलं असतं.

मी पाय सोडला. चादर नीट केली. मिशाळचं कोपर धरलं आणि त्याला खोलीबाहेर काढलं. बाहेर लांब पॅसेज होता. पॅसेजच्या पार टोकाला खिडकी आहे, तिथपर्यंत त्याला चालवत नेलं आणि वळवून उभं केलं. समोरच, दुसऱ्या टोकाला खोलीचं दार उघडं होतं.

"आता बघा," मी म्हटलं, आणि त्याच्याशेजारी उभी राहून मीही बघितलं.

तिथून पाय दिसत नव्हता. ओठ सुकलेत की नाही ते दिसत नव्हतं, नखं दिसत नव्हती. एक खाट, तिच्यावर एक माणूस, आणि शेजारी एक यंत्र श्वास घेतंय, एवढंच. माणूस काही करत नव्हता. मी रफूवाली बाई, आयुष्यभर सगळं नाकाशी धरून बघितलं. एवढ्या लांबून मी त्याला कधी बघितलं नव्हतं.

मिशाळ बघत होता. हाताची घडी त्यानं कधी घातली ते मला कळलं नाही. तो काही म्हणेना. मग माझ्या लक्षात आलं की त्याला नेहमी आधी विचारलं जायचं. कोणी विचारल्याशिवाय त्यानं ते कधी म्हटलंच नव्हतं.

"अजून एक हात?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "झालंय."

त्याच्यापुढचा शब्द त्याच्यानं म्हणवेना. मग त्यानं मिशा माझ्या पदराला पुसल्या आणि मी पुसू दिल्या.

डॉक्टरांना त्यानं मान हलवून सांगितलं. परिचारिकेनं यंत्र बंद केलं, नळी काढली, आणि खोलीत एकदम शांत झालं. मिशाळ दाराशीच थांबला. मी आत गेले, खाटेवर वाकले आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "उतर आता."

माझं त्यानं एका हाकेत ऐकलं.